पाण्यातले दोन दाणे

“सरळ उभी राय ना, सुकवंता!” तो माणूस आपल्या चार वर्षांच्या पोरीवर खेकसला, आणि तिच्यापुढे टेप घेऊन गुडघ्यावर बसलेल्या शिलाईवालीच्या तोंडून ओ दिल्यासारखं “हाव” निघून गेलं. मोठ्यानं नव्हे, पुटपुटल्यासारखं. मशीन चालू असतं तर त्या आवाजात ते विरूनही गेलं असतं. पण गोंदियाजवळच्या कुडव्यातली लाइट नेमकी तेव्हाच गेली होती, पंखा थांबला होता आणि रस्त्यावरून एकही गाडी जात नव्हती. बाप मोबाइलमध्ये होता, त्यानं ऐकलं नाही. पोरीनं मात्र मान वर केली. आपल्या नावाला दुसऱ्याच कुणी ओ दिली तर लहान मूल हसतं, नाहीतर चिडतं. ही पोर तसं काहीच करेना. बसमध्ये आपल्या जागेवर येऊन बसलेल्या बाईकडे बघावं तशी ती नुसती बघत राहिली. शिलाईवालीनं छातीभोवती टेप फिरवली, आकडा वाचला, वही ओढली आणि लिहायला गेली तर आकडा डोक्यातून गेलेला. पुन्हा मोजलं, पुन्हा विसरली. तिसऱ्यांदा मोजताना पोरीच्या छातीतलं धडधडणं तिच्या बोटांना लागलं आणि तिनं टेप गुंडाळून ठेवली.

दुकान म्हणजे घरमालकीण सुशीलाबाईंच्या घराची रस्त्याकडची खोली. बाहेर पाटी होती, ‘रोशनी लेडीज टेलर’. आधार कार्डावर रोशनी, सुशीलाबाईंच्या तोंडी ‘रोशनी बेटा’, ब्लाऊज उसवून आणणाऱ्या बायकांच्या तोंडी ‘रोशनीदीदी’. आणि सुकवंता हे तिचं नाव होतं. तिचं स्वतःचं, जन्मासोबत आलेलं, अकरा वर्षांची होईपर्यंत रोज हाकेत ऐकलेलं. गेल्या पंधरा वर्षांत त्या नावानं तिला कुणी बोलावलं नव्हतं. तरी तोंड आपलं बसलेलंच होतं वाट बघत, हाक आली की ओ द्यायला. मग तिनं त्या माणसाकडे नीट पाहिलं. डाव्या भुवईत आडवी खूण. कैऱ्या पाडायला तिनंच दगड भिरकावला होता, तो आंब्याऐवजी धाकट्या भावाला लागला होता, आणि माराच्या भीतीनं दोघांनी मिळून मायला सांगितलं होतं की बैलगाडीवर आपटला. वीरेंद्र. तेव्हा नऊ वर्षांचा होता, नाक गळायचं. आता मिशा होत्या, आणि बहिणीला तो ‘दीदी, जरा ढिलाच ठेवजा’ असं सांगत होता.

“जुनं नाव हाय,” ती म्हणाली. “कोनाचं ठेवलं?”

“माह्या मोठ्या बहिनीचं,” वीरेंद्र म्हणाला. “लहानपनीच जंगलवाल्यांनी नेलं तिले. मंग चकमकीत गेली. आता हे आली तिच्या जागी.”

“असं कसं?”

“दाने जुळले ना जी!”

दाणे जुळणं म्हणजे काय ते तिला ठाऊकच होतं. त्यांच्यात बाळाचं नाव आपण ठेवायचं नसतं; बाळ कोण म्हणून आलंय ते विचारायचं असतं. पितळेच्या वाटीत पाणी घ्यायचं, धानाचे दोन दाणे त्यावर सोडायचे आणि घरातल्या मेलेल्यांची एकेक नावं घ्यायची. दाणे फिरत राहतात. ज्या नावाला ते तरंगत येऊन एकमेकांना चिकटले ते माणूस परत आलं. ती स्वतःही अशीच आली होती, बापाची आत्या म्हणून. आणि आत्या भांडकुदळ होती असं तिला आयुष्यभर ऐकावं लागलं होतं. पण त्या वाटीवर जिवंत माणसाचं नाव घेतलं तर काय होतं, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. वीरेंद्र बोलतच होता. गोंदियात राइस मिलमध्ये काम, आठवड्याला घरी जाणं, घर अर्जुनी मोरगावकडच्या प्रतापगडच्या पलीकडे टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर. पोरीला डॉक्टरला दाखवायला आणलं होतं. “झोपेत दचकते. कोनाच्या कपड्याचा कोपरा मुठीत धरल्याबिगर झोपतच नाई. डॉक्टर म्हने, टॉनिक द्या.” येत्या रविवारी बहिणीच्या नावानं उभारलेल्या दगडाला नैवेद्य होता, म्हणून हा फ्रॉक. शनिवारी न्यायला येतो म्हणाला. पोर दाराबाहेर पडेपर्यंत मान मागे वळवून पाहत होती.

कुणाच्या कपड्याचा कोपरा मुठीत धरून. सुकवंतानं मशीनच्या पट्टीवर पाय ठेवले आणि ते तसेच ठेवून दुपार काढली. अकरा वर्षांची असताना टोल्यावर जंगलातली माणसं ढोलकी घेऊन आली होती. पोरीचा आवाज चांगला आहे, पंधरा दिवस गाणी म्हणायला नेतो, परत आणून सोडतो, असं म्हणाली होती. माय हो म्हणाली नाही; नाही म्हणायची सोय नव्हती. आधी ढोलकी आली, मग पाण्याचे डबे, मग पहारा, आणि तेराव्या वर्षी बंदूक. घरचं नाव तिथं टाकून द्यायचं, दुसऱ्याचं विचारायचं नाही, असा नियम होता. तिलाही तिथलं एक नाव मिळालं होतं. पण गाण्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं चोरून स्वतःचं खरं नाव आणि टोल्याचं नाव लिहून ठेवलं होतं, न जाणो आपणच विसरलो तर. तिथं रोशनी नावाची दुसरी एक पोर होती, तिच्याहून वर्षा-दीड वर्षानं लहान. छत्तीसगडकडची, एवढंच कळलेलं. सगळे बूट घालून झोपायचे, पाठीवरची पिशवी उशाला. रोशनीला एकच भीती होती, सगळे उठून निघून गेले आणि आपण झोपूनच राहिलो तर? म्हणून ती सुकवंताच्या शर्टाचा कोपरा मुठीत धरायची आणि म्हणायची, “मोला छोड़के झन जाबे.” मला सोडून जाऊ नकोस. रोज म्हणायची. तिच्या मापाचा गणवेश कधी यायचा नाही; सुकवंतानं एका मोठ्या माणसाचा शर्ट कापून तिला शिवून दिला होता, छातीवर झाकणाचे दोन खिसे लावून. खिशात काडतुसं ठेवायची. रोशनी चिंचोके ठेवायची.

ती सोळा वर्षांची असताना एका पहाटे पोलिसांच्या गोळ्यांचा आवाज आला, तेव्हा सुकवंता आधी उठली. रोशनीचे डोळे उघडले होते, पण मूठ उघडली नव्हती. सुकवंतानं कोपरा ओढला. सुटेना. मग तिनं ती बोटं एकेक करून उघडली. पाच बोटं. त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिला हात धरून उठवताही आलं असतं. हे तिला पळताना कळलं नाही, पुढची दहा वर्षं कळत राहिलं. हाताला लागली ती पिशवी घेऊन ती पळाली, आणि संध्याकाळी उघडली तर आतून चिंचोके घरंगळले. तिची स्वतःची पिशवी, गाण्यांच्या वहीसकट, रोशनीच्या उशाशी राहिली होती. महिन्याभरानं कशाला तरी गुंडाळून आलेला जुना पेपर हातात पडला. त्यात होतं, चकमकीत ठार, वहीवरून नाव सुकवंता, वय अंदाजे सोळा. आईनं ओळख पटवून प्रेत ताब्यात घेतलं. दलमातले, म्हणजे तिच्या बंदूकवाल्या तुकडीतले, हसले. “आता तुले कोनी मारू शकत नाई, तू मेली,” म्हणाले. तीही हसली होती. पुढे पाच वर्षांनी ती पोलिसांना शरण आली, साहेबानं नाव विचारलं, तेव्हा मेलेल्या माणसाला शरण कसं येता येईल म्हणून तिनं सांगून टाकलं, रोशनी. गाव? आठवत नाही. ते खोटं नव्हतं. रोशनीचं गाव तिला खरंच ठाऊक नव्हतं.

महिन्यातून एकदा, शरण आलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या डिंपल मॅडम येत. चांगल्या होत्या बिचाऱ्या, येताना बिस्किटं आणत. त्यांनी एकदा विचारलं, “घर जाने का मन नहीं करता?” ती म्हणाली, “घरी मी मेली आहे.” मॅडमनी सहानुभूतीनं मान हलवली आणि कागदावर लिहिलं, ‘स्वतः मृत असल्याची भावना’. भावना! पेपरात छापून आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागलं असतं, तेव्हा अळीमिळी गुपचिळी. मॅडमनी एक उपाय शिकवला होता. छाती दाटून आली की खोलीतल्या दिसतील त्या पाच वस्तू मोजायच्या. उपाय चांगला होता. कात्री, खडू, बॉबिन, पंखा. चारपर्यंत सगळं ठीक असायचं. पाचवी म्हणून भिंतीपाशी आडवी झालेली मुलगी दिसायची, बूट घातलेली, एक मूठ मिटलेली. ती घाबरवायची नाही, काही बोलायची नाही, नुसती तिथं असायची. म्हणून सुकवंता चारच वस्तू मोजायची. आणि अजूनही चप्पल घालून झोपायची. “बेटा, चादर मैली होते ना,” सुशीलाबाई म्हणायच्या. “काऊन झोपते तू अशी? कोठी पळून जायचं आहे तुले?”

फ्रॉक तिनं शुक्रवारी शिवला. पिवळं छापील कापड होतं, पोरींच्या आवडीचं. एकटीच होती, मशीन एकसारखं चाललं होतं, आणि ती वेगळाच विचार करत होती, म्हणजे वाटीतल्या पाण्याचा. मेलेल्यांचीच नावं घेतात. आपण मेलेलो नव्हतो. मग त्या दिवशी, आपल्या नावाला, आपल्या घरात, कोण आलं? शिवण संपली, दोरा तोडला, फ्रॉक उजेडात धरला. पिवळ्या फ्रॉकच्या छातीवर दोन खिसे होते. झाकणाचे, दुहेरी शिवणीचे, टिचबटणाचे. ते तिनं कधी कापले, कधी लावले, तिला काही आठवेना. वहीत पाहिलं. छातीचं माप तिनं तीनदा मोजून शेवटी लिहिलंच नव्हतं; तिथली जागा कोरी होती. मग हे कुणाच्या मापानं शिवलं? तिनं खिसे उसवायला घेतले, दोन टाके काढले आणि सुई खाली ठेवली. मग तिनं मॅडमचा उपाय केला. कात्री, खडू, बॉबिन, पंखा. आज तिनं पाचवीही मोजली, भिंतीकडे सरळ बघून. भिंतीपाशी कुणीच नव्हतं. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती जागा रिकामी होती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

शनिवारी वीरेंद्र आला. फ्रॉक कपाटात घडी घालून ठेवलेला असताना ती म्हणाली, “झाला नाई. उद्या अर्जुनीकडं येनंच हाय मले, आणून देतो.” खोटं बोलायची तिला सवय होती, पण भावाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली; कैरीच्या वेळी दोघं मिळून बोलले होते. रविवारी सकाळच्या गाडीनं अर्जुनी मोरगावला उतरली. पुढे मनिराम नावाच्या माणसाचा ऑटो, दहा जणांत अकरावी. तलावाची पाळ लागली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, आणि तरीही कुठलं वळण आलं ते तिला पोटातून कळत होतं. मोहफुलांचा वास येत होता. घरावर आता कौलांऐवजी पत्रे होते. अंगणात माय सुपात काहीतरी पाखडत बसली होती. लहान झाली होती माय. आपण मोठं झालो की आई लहान होते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते बघायच्या वयात ती घरी नव्हती.

“कुडव्याची टेलरबाई आली, माय,” वीरेंद्र म्हणाला. “म्हटलं होतं ना तुले.”

मायनं तोंडाकडे पाहिलंच नाही. तिची नजर आधी पायांकडे गेली. सुकवंताच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. माय उठून आत गेली आणि लोटाभर पाणी घेऊन आली. पाहुण्याचे पाय धुवायला पाणी द्यायचंच, त्यात वेगळं काही नव्हतं. “काढ,” माय म्हणाली. सुकवंतानं नाडी सोडली. उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. सात वर्षांची असताना धान कापताना विळा लागला होता, आणि हळद भरून चिंधी बांधणारी हीच बाई होती. मायनं पाणी ओतलं. धार त्या बोटावर पडत राहिली. लोटा रिकामा झाला, तरी माय तो तिरपा धरून तशीच उभी राहिली.

“नाव का म्हनलं तुह्यं?” तिनं विचारलं.

‘मी सुकवंता’, हे एकच वाक्य बोलायला तर ती आली होती. आगगाडीत, ऑटोत, गेली कित्येक वर्षं चप्पल घालून झोपताना तिनं ते मनात म्हणून बघितलं होतं. पण तेवढ्यात पोर आतून धावत आली, तिच्या हातातली पिशवी ओढू लागली, आणि सुकवंता म्हणाली, “रोशनी.”

“बैस,” माय म्हणाली.

फ्रॉक पोरीला जरा मोठा झाला. खिसे पाहून वीरेंद्र हसला, “हे का जी, पोलीस भरतीले पाठवता का माह्या पोरीले?” पोर हसली नाही. तिनं झाकणं उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, सराईतपणे, अंगठ्यानं. मग ती चुलीमागे गेली आणि दोन मुठी भरून परत आली. डावा खिसा भरला, उजवा भरला, बटणं लावली. चिंचोके होते. चैत्रात टोल्यावर कुठल्या पोराजवळ चिंचोके नसतात? सुकवंता स्वतःला हेच पुन्हा पुन्हा समजावत होती.

दगड तलावाच्या पाळीवर होता, हळद लावलेला, गुडघ्याएवढा. वीरेंद्रनं पळसाच्या पानावर वाढलेलं पोरीच्या हातानं ठेववलं, पाणी फिरवलं आणि पोरीला घेऊन तो पुढे निघाला. “तुमी चला, मी येतो,” माय म्हणाली, आणि पाहुणीला तिनं हातानंच थांबवलं. दोघी दगडासमोर बसल्या. पाण्यावर वारा नव्हता. माय बोलली ती दगडाशी बोलल्यासारखी.

“मले मालूम होतं. त्यायनं चादर काढली, मी पायाकडं पायलं. दोनी पायाची बोटं पुरी होती.”

“मंग हो काऊन म्हटलं, माय?”

“तीन दिवसाचं पडून होतं ते लेकरू. कोनीच हो म्हनून नाई राहिलं. माह्या मनात आलं, हिची माय कोठी तरी हिची वाट पाहून राहिली असन, तिले पत्ताच नाई. आन…” माय थांबली. “आन तू मेली म्हटलं का तुह्यामागं कोनी येत नाई. ना जंगलवाले, ना पोलीस. म्हनून म्हटलं, हाव, माहीच हाय. गाडीवर घातलं, आनलं, इथं ठेवलं. गाव रडलं. मीबी रडली, पन खोटं.”

सुकवंतानं दगडाकडे पाहिलं. दहा वर्षं इथं तिला जेवायला मिळत होतं. सणाला भजी, धान निघालं की पहिला भात. ज्या घासांची ती जंगलात झाडाला पाठ टेकून आठवण काढायची ते घास इथं नियमानं येत होते, आणि खाणारी दुसरी होती. तिला राग आला नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

“मंग हे पोर झाली,” माय सांगत होती. “मी वाटी घेतली. तुह्या बापाचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, सगळ्यायचं घेतलं. दाने फिरूनच राहिले. वीरेंद्र म्हने, मोठ्या बहिनीचं नाव घे. मी घेत नवती. जित्या लेकीचं नाव मेलेल्यात कसं घ्याव? पन सगळे बसले होते. घेतलं. आन दाने चिकटले. बोटानं सोडवले, तं पुन्ना चिकटले. तवा मले वाटलं, आता मातर तू खरंच गेली. तवापासून खरं रडून राहिली मी, चार वर्ष. आज तुह्या बोटावर पानी पडलं, मंग समजलं.” मायनं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “तू इथं बसली हायस. मंग घरात कोन आली?”

सुकवंताला उत्तर ठाऊक होतं. पाण्याच्या काठावर, भर उन्हात, ते तिच्या समोर बसलेलंच होतं. मरून गेलेल्या त्या पोरीला परत या जगात आणून पोचवणारं एकच नाव मिळालं होतं, ज्या नावानं तिला मातीत ठेवलं ते. दुसऱ्या नावानं येणार कुठून, आणि कुठल्या घरी? “तिचं नाव रोशनी होतं,” ती म्हणाली. “ते तिथलं. घरचं मले मालूम नाई. कधी विचारलंच नाई.” मग तिनं ते सांगितलं, जे मॅडमना सांगितलं नव्हतं आणि साहेबांनाही नाही. शर्टाचा कोपरा, मूठ, आणि पाच बोटं. सांगताना ती आपल्याच एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं उघडून दाखवत होती. मायनं तो हात धरून ठेवला.

“तू म्हनशील तं आज गाव गोळा करतो,” माय हळूच म्हणाली. “माही लेक आली म्हनतो. भात घालतो गावाले, घेतीन तुले. नाई म्हननार नाई कोनी. पन मंग हा गोटा उपटून तलावात टाकतीन. आन भूमका म्हनन, लेकरात परका जीव शिरला, काढा. धूर देतीन तिले, झाडतीन, उपाशी ठेवतीन. आधीच दचकते ते.” भूमका म्हणजे गावचा पुजारी, सुकवंतानं लहानपणी त्याचा धूर पाहिला होता, त्यात खोकणारं पोर पाहिलं होतं. “तू माही हायस. तुले मी नाई म्हनूच शकत नाई. तूच सांग.”

सुकवंताला घर हवं होतं. हे नाव, हे अंगण, मायची हाक, सगळं तिला हवं होतं, आणि इतकं जवळ होतं की हात लांब केला तर लागलं असतं. त्यासाठी फक्त एक मूठ उघडायची होती. परत येताना पाळीवरून तिनं एकदा मागे पाहिलं. पानावरचा भात मुंग्यांनी काळा झाला होता.

जेवणं झाली. पोर ओसरीवर तिच्या शेजारीच कलंडली. मनिरामच्या ऑटोला वेळ होता म्हणून सुकवंता बूट चढवून, नाडी बांधून, भिंतीला टेकून बसली होती. कधीतरी ओढणी जड लागली म्हणून तिनं खाली पाहिलं. कोपरा पोरीच्या मुठीत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तर मेल्यावरही गेली नव्हती. पोरीच्या बोटांची टोकं पांढरी झाली होती, इतकी घट्ट मूठ. बाहेर हॉर्न वाजला. मनिराम ओरडला, “अर्जुनीवाले चला! मंग गाडी नाई!”

“ऑटो आला जी,” वीरेंद्र म्हणाला. “सोडवून घ्या ना. एकेक बोट उघडा, उठत नाई ते.”

सुकवंतानं त्याच्याकडे पाहिलं. मग मुठीकडे. दारात माय उभी होती. पोरीचे ओठ हलले. झोपेत, स्पष्ट, जराशा रडक्या आवाजात ती म्हणाली, “मोला छोड़के झन जाबे.”

“पाहा ना, असंच बोलते,” वीरेंद्र हसून म्हणाला. “घरात कोनाले छत्तीसगढी येत नाई. मोबाइल पाहून शिकली असन.”

“नइ जाँव,” सुकवंता म्हणाली.

हॉर्न दोनदा वाजला, मग ऑटो फटफटत निघून गेला. वीरेंद्र काही विचारणार होता, पण मायनं त्याला पाणी आणायला पिटाळलं. कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली, “कोन पावनी वो? गेली नाई?” माय गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रोशनी हाय. लेकरू सोडत नाई तिले.” म्हणताना तिचा आवाज फाटला, पण नाव नीट उमटलं. मग ती येऊन खाली बसली, सुकवंताच्या बुटांच्या नाड्या तिनं एकेक करून सोडल्या, बूट काढले आणि आत नेऊन घरातल्यांच्या चपलांशेजारी ठेवले. सुकवंताच्या उघड्या पायांना ओसरीची सारवलेली जमीन लागली. थंड होती. ऊन उतरेपर्यंत ती हलली नाही. पोरीचा श्वास संथ झाला, मूठ आपोआप सैल पडली आणि ओढणीचा कोपरा सुटून जमिनीवर आला. रोशनीनं तो उचलला आणि पुन्हा पोरीच्या मुठीत दिला.